चौथ्या चाकावरची रेघ

"शैले, चाक गेलं गं! पार फाटलं!"

बिरूतात्या गाडीतून उतरले तेच ओरडत. शुक्रवार होता, म्हणजे आमच्या गावचा बाजार. दुकानासमोर बैलगाड्या, टेम्पो आणि कोंबड्यांच्या पाट्या अशी गर्दी झालेली. मी ट्रॅक्टरच्या ट्यूबला ठिगळ लावत होते. तात्यांनी डिकीतून फाटलं चाक काढून माझ्यापुढं आपटलं. वरच्या वाटेवरच्या कुठल्याशा दगडानं टायर कुशीत हातभर चिरलं होतं. त्या जागी घातलेली स्टेपनी इतकी बारकी की गाडी लंगडत आली होती.

"ठिगळ बसंल?"

"तात्या, आभाळाला ठिगळ लावता येतं का? नवं टायर लागेल."

"मग लाव नवं. उद्या बाई वर वाड्यावर चालल्यात, पोरांला डोस पाजायला."

बाई म्हणजे डॉक्टर नलिनी आठल्ये. कऱ्हाड-चिपळूण रस्त्यावरच्या आमच्या गावात त्यांचा दवाखाना होता आणि आठवड्यातून दोनदा त्या डोंगरावरच्या धनगरवाड्यांवर जायच्या. त्यासाठी त्यांनी एक जुनी गाडी घेतली होती, पुढची आणि मागची अशी चारही चाकं सदानकदा ओढणारी. तालुक्यात तशी ती एकच. ती चालवायचे बिरू येडगे. पन्नाशीचे, स्वतः वरच्या धनगरवाड्यातले. अख्ख्या भावकीत मेंढरं सोडून स्टेअरिंग धरणारा पहिला माणूस. गाडीच्या किल्लीला त्यांनी काळ्या लोकरीचा गोंडा बांधला होता, दृष्ट लागू नये म्हणून.

मी त्या वेळी अठ्ठावीस वर्षांची होते. आप्पांना जाऊन वर्ष झालं होतं आणि त्यांचं टायरचं दुकान मी चालवायला घेतलं होतं. दुकानाचं नाव 'केरळा टायर'. आप्पांनी ते एका केरळच्या माणसाकडून घेतलं होतं आणि पाटी बदलायचा कंटाळा केला, त्यामुळं जन्मात गोव्याच्या खाली न गेलेल्या मला लोक 'केरळावाली' म्हणायचे. नाव ठेवायला लोक आले, चाकं घेऊन मात्र कुणी येईना. ट्रकवाले गाडी थांबवायचे, आत डोकावायचे, "मालक कुठंयत?" विचारायचे. मीच मालक म्हटलं की "असू दे, पुढं बघतो" म्हणून निघून जायचे. चार महिने मी नुसत्या सायकलींत हवा भरली.

मग एका सकाळी बिरूतात्या बाईंची गाडी घेऊन आले. काम झाल्यावर समोरच्या चहाच्या टपरीवर उभे राहून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आठल्येबाईंच्या गाडीची चाकं हितनं फुडं शैलीच बघणार. आप्पाचा हात उतरलाय तिच्या हातात." त्या दिवसापासून माझं दुकान चाललं. हे मी कधी विसरले नाही. विसरले असते तर पुढचं सगळं जरा सोपं गेलं असतं.

बाईंच्या गाडीसारख्या गाडीचं दुखणं आप्पा मला पालखीवरून समजावायचे. चौघांनी पालखी खांद्यावर घेतली आणि त्यातला एक उंच निघाला, तर पालखी पडत नाही, पण बाकीच्यांचे खांदे सोलवटून निघतात. गाडीचंही तसंच. मोठ्या चाकाला तेवढ्याच वाटेला फेऱ्या कमी लागतात, लहानाला जास्त. गाडीच्या पोटात पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी एक पेटी असते, ती हा फरक मिटवत बसते. वळणापुरता मिटवायला ती केलेलीच असते. पण चाकंच लहानमोठी असली की सरळ रस्त्यावरही तिला उसंत मिळत नाही. आतलं तेल तापत जातं आणि एक दिवस पेटी जळते.

म्हणून आप्पा टायरवर छापलेल्या आकड्यावर कधी विसंबले नाहीत. एक टायर कोरं, एक झिजलेलं, एक या कंपनीचं, एक त्या. आकडा एकच असला तरी फेरी एक नसते. ते चाकावर खडूनं रेघ मारायचे, तशीच खाली फरशीवर मारायचे आणि चाक हातानं ढकलत पुरी एक फेरी घ्यायचे. रेघ पुन्हा जमिनीला टेकली की तिथं दुसरी खूण. मग दोन खुणांमधलं अंतर मोजायचं. चारही चाकांचं अंतर जुळलं की चाकावरची रेघ न पुसता गाडी द्यायची. रेघ म्हणजे आप्पांची सही. 'केरळा'ची रेघ असली की ड्रायव्हर डोळे मिटून घाट चढायचे.

त्या शुक्रवारी बाईंच्या गाडीची उरलेली तीन टायरं अर्धी झिजलेली होती. चार नवी घाला, नाहीतर कऱ्हाडहून तेवढंच झिजलेलं एक मागवते, असं मी सांगायला हवं होतं. पण त्यात चार दिवस गेले असते. बाजारची गर्दी बघत होती, आणि मला "अर्ध्या तासात देते" म्हणायची भारी हौस होती. माझ्याकडं त्याच आकड्याचं, दुसऱ्या कंपनीचं एक कोरं टायर होतं. तेच मी चढवलं.

तात्या बाजूला उभे होते. "रेघ मारून बगत न्हाईस व्हय गं? आप्पा तर..."

"तात्या, आप्पांच्या वेळी टायरांवर धड आकडे तरी असायचे का? हे वाचा. चारही चाकांवर एकच आकडा आहे."

"मला कुटं वाचाया येतंय," तात्या हसले. "तू म्हनतीस म्हंजी असंल."

बुधवारी ते पुन्हा आले. या खेपेला ओरडत नाही, हळूच.

"शैले, गाडी वळणावर अडाकतीया बग. आतनं घरघर येती. चाक घातल्यापास्नं."

"नवं टायर आहे तात्या, जरा घासू दे रस्त्याला."

"तसं असंल." ते थोडा वेळ गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. मग म्हणाले, "बरं, मी च्या पिऊन येतो. भजी बी खातो. मला येळ लागंल."

ते टपरीत गेले, आणि टपरीत रस्त्याकडं पाठ करून बसले. मी जॅक लावला. आधी नवं चाक काढलं, मग शेजारचं जुनं. खडू घेतला. आप्पा गेल्यानंतर त्या फरशीवर मी पहिल्यांदाच रेघ मारत होते. जुनं चाक एक फेरी फिरवलं, खूण केली. नवं चाक त्याच जागेवरून फिरवलं. जुन्याची खूण मागं टाकून ते पुढं गेलं, आणि मगच त्याची रेघ जमिनीला टेकली. दोन बोटं फरक. दोन बोटांहून थोडा जास्तच. असल्या गाडीला आप्पा अर्ध्या बोटाच्या वर फरक चालवून घेत नसत.

तात्यांना हाक मारायची आणि म्हणायचं, चूक झाली, गाडी इथंच ठेवा. एवढंच होतं. पण टपरीत बाजूला पाच-सहा ट्रकवाले बसले होते, तेच, "मालक कुठंयत" विचारणारे. आणि बाई काय म्हणतील? वर्षभरात कमावलेलं नाव एका वाक्यात गेलं असतं. मी दुसरीच तोड काढली. कऱ्हाडला फोन करून तेवढंच झिजलेलं टायर सांगितलं. मंगळवारी मिळेल म्हणाले. मंगळवारी गुपचूप बदलून टाकायचं, कुणाला काही कळायला नको. चाकं परत चढवली आणि फरशीवरच्या रेघा चपलेनं पुसून टाकल्या.

तात्या आले, गाडीभोवती एक चक्कर मारली.

"झालं?"

"झालं. जरा बेतानं चालवा, आणि मंगळवारी एकदा आणा."

"आणतो की," म्हणाले, आणि चांगले मोकळे हसले. ते हसू मला त्या वेळी कळलं नाही.

मंगळवार उजाडलाच नाही. म्हणजे आमच्यासाठी नाही. रविवारी सकाळी वरच्या वाड्यातून निरोप आला, तात्यांच्या चुलतभावाची सून सगुणा अडली होती, मूल आडवं होतं. बाई आणि तात्या गाडी घेऊन वर गेले, तिला आत घातलं आणि उतरायला लागले. अर्ध्या वाटेत एक खडी चढण आहे. तिथं गाडीच्या पोटातून जळका वास आला, एक दणका बसला आणि गाडी जी थांबली ती थांबलीच. ना पुढं ना मागं. मग घोंगडीची झोळी केली. तात्या, सगुणाचा नवरा आणि शेताकडं निघालेले दोघे अशा चौघांनी तिला साडेतीन कोस खाली आणलं. वाटेत बाईंनी दोनदा झोळी खाली ठेवायला लावली. मूल जगलं. सगुणाचं रक्त इतकं गेलं की ती तीन आठवडे कऱ्हाडच्या दवाखान्यात पडून होती, आणि तिला पुन्हा मूल होणार नाही असं सांगितलं गेलं.

गाडीचं आणि झोळीचं मला रविवारी दुपारीच टपरीवर कळलं. मी दुकान बंद करून घरी गेले आणि जेवले. हो, जेवले. आईनं वाढलं आणि मी जेवले. त्या जेवणाची मला अजून लाज वाटते.

सोमवारी भाड्याच्या जीपमधून बाई आल्या. मागच्या सीटवरून तात्या उतरले. त्यांचा उजवा खांदा सुजला होता, सदरा तिथं ताणला गेला होता.

बाई सरळ बोलणाऱ्या होत्या. "शैला, गाडीच्या मधल्या पेटीचा कोळसा झालाय. वर्कशॉपवाला म्हणतो असं दोनच कारणांनी होतं. एक तर चाकं लहानमोठी असतील, नाहीतर ड्रायव्हरनं गाडी नको तशी रगडली असेल. आकडे त्यानं बघितले, सारखे आहेत. पण तुझे वडील आकड्यांवर जायचे नाहीत, मला माहीत आहे. मला कुणावर उगाच आळ घ्यायचा नाही. तुझ्या शब्दावर मी ठरवणार आहे. तू चाकं मोजली होतीस?"

"मोजली होती," मी म्हटलं. हे खरं होतं.

"रेघ मारून?"

"रेघ मारून."

"मग? सारखी होती?"

तात्या माझ्याकडं बघत होते. रागानं नव्हे. घरात कुणी शाळेच्या निकालाची वाट बघावी, तसं.

"सारखी होती," मी म्हटलं.

बाईंनी तात्यांकडं वळून विचारलं, "बिरू, तुमचं काय म्हणणं आहे?"

"पोरगी म्हनती तर असंल," तात्या म्हणाले.

"म्हणजे तुम्ही गाडी रगडत होता."

तात्यांनी मान खाली घातली. नाही म्हणाले नाहीत, हो म्हणाले नाहीत. बाई म्हणाल्या, "ती पोरगी मेली असती, बिरू. तुमच्याच घरची. मी तुम्हाला पुन्हा गाडी देऊ शकत नाही."

तात्यांनी खिशातून किल्ली काढली. लोकरीच्या गोंड्याची गाठ सुटेना, सुजल्या खांद्यामुळं हाताला जमेना. मला वाटलं आपण पुढं व्हावं आणि सोडून द्यावी. मी जागची हलले नाही. शेवटी त्यांनी दातानं गाठ सोडवली, गोंडा सदऱ्याच्या खिशात टाकला आणि नुसती किल्ली बाईंच्या हातात दिली.

गाडी दुरुस्त होऊन आली तेव्हा कऱ्हाडवाल्यांनी चारही टायरं नवी घातली होती. माझ्या चुकीचा मागमूस उरला नाही. डोंगरात मात्र 'बिरूनं सगुणाला मारलीच असती' हे वाक्य राहिलं. तात्यांना पुन्हा कुणी गाडी हातात दिली नाही. ते कऱ्हाडला एका ट्रान्सपोर्टवाल्याकडं ट्रक धुवायला लागले. ज्या माणसानं अख्ख्या भावकीत पहिल्यांदा स्टेअरिंग धरलं, तो दुसऱ्यांच्या गाड्यांचा चिखल काढायला रोज सव्वाआठच्या एसटीनं जायचा.

एसटीचा थांबा माझ्या दुकानासमोर. बस दोन मिनिटं थांबायची आणि तात्या दुकानाच्या बाजूच्या खिडकीशी बसलेले असायचे. आप्पांची शिस्त होती, सकाळी दुकान उघडलं की आधी पिंपातलं पाणी बदलायचं. अर्धं कापलेलं लोखंडी पिंप, त्यात ट्यूब बुडवून बुडबुडे कुठून येतात ते बघायचं आणि पंक्चर शोधायचं. एसटीचा आवाज आला की मी पिंपाकडं जायची आणि पाण्यात दोन्ही हात घालून वाकून बसायची, बस सुटेपर्यंत. असं दोन वर्षं. मग तात्या दिसेनासे झाले. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटलं म्हणून स्वतःचा रागही आला.

त्या सोमवारनंतर माझ्या दुकानातून एकही चाक रेघ मारल्याशिवाय गेलं नाही. गाडी कसलीही असो. लोक म्हणायचे, "शैलाताई म्हणजे काटेकोर बाई. बापावर गेलीय." दुकान वाढलं, अलाइनमेंटचं मशीन आलं. लोक असं म्हणाले की मी हसायची.

सोळा वर्षांनी, गेल्या माघात, पुण्याचा एक तरुण आला. चारही चाकं ओढणारी गाडी, एक टायर गेलेलं. मी त्याला चारही बदला म्हणून सांगितलं. तो वैतागला. "अहो, आकडा तोच आहे ना? मग एकच घाला. एवढं कशाला ताणताय?"

मी तोंड उघडलं आणि रडायला लागले. गिऱ्हाइकासमोर, पंचेचाळिशीची बाई. तो बिचारा घाबरून पाणी आणायला पळाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं, पिंपात ताजं पाणी भरलं, आणि पुन्हा कुलूप लावून वरच्या धनगरवाड्याची एसटी धरली. आता तिथवर रस्ता झालाय. बसमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, उभीच गेले. आठल्येबाई दोन वर्षांपूर्वी वारल्या होत्या, तिथं सांगायला कुणी उरलं नव्हतं. तात्या होते.

घरासमोरच्या दगडावर ते चातीवर लोकर कातत बसले होते. डोळ्यांवर पांढरट साय आलेली. मी नाव सांगायच्या आधीच म्हणाले, "रबराचा वास आला. शैली न्हवं?"

मी त्यांच्यापुढं खाली बसले आणि सगळं सांगितलं. टायर, आकडा, दोन बोटं फरक, कऱ्हाडचा फोन, मंगळवार. ते कातत राहिले. माझं संपल्यावर म्हणाले, "ठावं हाय मला."

"काय ठाऊक आहे?"

"तू मापलंस ते. म्हनून तर च्याला गेलो हुतो. म्हनलं, माझ्यासमोर मापाया तिला लाज वाटंल, आपण बाजूला व्हावं. परत आलो तर तू खालच्या रेघा पुसल्या हुत्यास. चाकावरची ऱ्हायली हुती."

चाकावरची रेघ. ती पुसायची नसते, ही आप्पांच्या हाताखालची इतक्या वर्षांची सवय; पुसायची हाताला आठवणच झाली नव्हती.

"ती रेघ बगितली आन् बिनघोर झालो," तात्या म्हणाले. "म्हनलं, आप्पाची रेघ हाय. घरघर असंल कसली तरी. त्या रेघंवर इस्वास ठिवून सगुणीला गाडीत घातली मी."

चाती गरगरत खाली गेली, त्यांनी ती वर घेतली.

"मग त्या दिवशी बाईंना का सांगितलं नाहीत? चाक घातल्यापासून घरघर येत होती, एवढं म्हटलं असतं तरी..."

"त्ये तू सांगायचं हुतं." आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "मला वाटलं आज न्हाई तर उद्या सांगंल. दोन वरीस खिडकीशी बसलो बग. म्हनलं, कवातरी हाक मारंल. पर यष्टी आली की तू पाण्यात वाकायचीस."

"कामात असायचे, तात्या," मी म्हटलं. तोंडातून आपसूक गेलं. "पंक्चर असायची सकाळी."

तात्यांनी लोकरीचा पेळू सारखा केला.

"असंल," म्हणाले.

शेजारच्या चुलतभावाच्या घरातून एक बाई चहा घेऊन आली. ती सगुणा होती, हे मला कप परत देताना तात्यांनी तिला नावानं हाक मारली तेव्हा कळलं. आम्ही दोघी एकमेकींशी काही बोललो नाही. तात्या म्हणाले, "शेवटची यष्टी चारला हाय, जा आता." मी पाया पडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला तो अंदाजानं, थोडा बाजूला पडला.

परतीची बस रिकामी होती. तात्या बसायचे तशी मी दुकानाच्या बाजूच्या खिडकीशी बसले. गाव आलं, बस नेहमीसारखी माझ्या दुकानासमोर थांबली आणि मी सवयीनं तिकडं बघितलं. इतक्या वर्षांत मी माझं दुकान त्या उंचीवरून कधी बघितलं नव्हतं. दाराशी पिंप होतं, सकाळी भरलेलं, दिवसभर कुणी हात न लावलेलं. उन्हं तिरपी आली होती. पाणी अगदी नितळ होतं आणि त्यात काही नव्हतं. खिडकीतून पिंपाचा तळ दिसत होता.